ड्रममधलं गोड पाणी



रमजानमध्ये आपल्या घरात तेल किती लागतं, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको. रोज अस्रनंतर कढई चढते. भजी, समोसे, एखाद दिवशी कबाब. ईदच्या दुसऱ्या दिवशी ओट्याखालची बरणी काढली, तर महिन्याभराचं काळपट तेल साठून अडीच-तीन लिटर झालं होतं. दरवर्षी मी ते मोरीत ओतून मोकळी व्हायची. या वेळी ओतलं नाही. माझ्या भाच्याने आधीच बजावून ठेवलं होतं, "खाला, ते तेल फेकू नका, मी न्यायला येतो."

हा भाचा केमिस्ट्रीचा पदवीधर. हिंगणघाटबाहेर एका मित्राबरोबर त्याने छोटी शेड घेतली आहे. हॉटेलं, फरसाणवाले, लग्नातले आचारी यांच्याकडून वापरलेलं तेल गोळा करायचं आणि त्याचं बायोडिझेल करायचं, हा त्यांचा धंदा. रोज चाळीस-पन्नास लिटर तेलाचं काम होतं. त्यासाठी माझ्या बहिणीने आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या आहेत. म्हणून हा विषय आमच्या घरात नुसता विज्ञानाचा राहिलेला नाही.

तेल न्यायला आला तेव्हा तो काळजीत दिसला. म्हणाला, "खाला, डिझेल विकलं जातं. पण खाली जे उरतं त्याचं काय करू? नऊ ड्रम भरलेत."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शेडवर गेले. दोनशे लिटरचे नऊ निळे ड्रम भिंतीला लावून ठेवलेले. आत गुळाच्या पाकासारखं दाट, तपकिरी काहीतरी. ते होतं ग्लिसरीन. थंडीत ओठांना लावायला आपण औषधाच्या दुकानातून छोटी बाटली आणतो, तेच. फक्त हे अशुद्ध, आणि अठराशे लिटर.

हे ग्लिसरीन आलं कुठून, ते आधी समजून घेऊ. कुठलंही तेल घ्या, सरकीचं, सोयाबीनचं, शेंगदाण्याचं किंवा प्राण्याची चरबी. त्याच्या प्रत्येक रेणूत मेदाम्लाच्या तीन लांब साखळ्या असतात आणि त्या एका छोट्या खुंटीला बांधलेल्या असतात. ती खुंटी म्हणजे ग्लिसरीन. तेलात कॉस्टिक सोडा घातला की साखळ्या सुटतात आणि त्यांचा साबण होतो. सोड्याच्या मदतीने तेलाची मिथेनॉलशी क्रिया घडवली, तर त्याच साखळ्यांचं बायोडिझेल होतं. दोन्ही वेळा खुंटी मोकळी होते. शंभर किलो तेलामागे साधारण दहा किलो ग्लिसरीन, हा हिशोब ठरलेला आहे. भाच्याच्या ड्रममध्ये त्यातच उरलेलं मिथेनॉल, थोडा साबण, सोडा आणि पाणी मिसळलेलं असल्यामुळे आकडा फुगतो.

स्वीडनच्या शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ही खुंटी अठराव्या शतकात सापडली, तीही जैतुनच्या तेलात. तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर उकळल्यावर खाली एक गोडसर द्रव उरला. पुढे फ्रान्सच्या शेव्रूलने त्याला ग्लिसरीन नाव दिलं. ग्रीक भाषेतल्या 'गोड' या अर्थाच्या शब्दावरून ते नाव आलं.

आपल्या वर्ध्याला हा विषय नवा नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच सुरू झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांनी गावातल्या उद्योगांवर काम केलं. घाणीचं तेल, हातकागद, साबण हे सगळं त्यात होतं. खायच्या तेलाला हात न लावता लिंबोळी, करंज, मोह अशा अखाद्य तेलांचा उपयोग करायचा, हा विचार इथे रुजला. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' हा दिवा मगनवाडीचाच. भाच्याचं बायोडिझेल म्हणजे त्या दिव्याचं नातवंड म्हणायला हरकत नाही. गावाकडे हाताने केलेल्या साबणात ग्लिसरीन वेगळं काढत नाहीत, ते वडीतच राहतं. त्या साबणाने हात कमी फुटतात, त्याचं एक कारण हेच.

मग अडचण कुठे आली? पूर्वी ग्लिसरीन मोलाचं होतं. औषधांत, सौंदर्यप्रसाधनांत, स्फोटकांतसुद्धा ते लागायचं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला चरबी मिळेना, तेव्हा तिथे यीस्टला साखर खाऊ घालून ग्लिसरीन तयार करवून घेतलं गेलं. म्हणजे जी वस्तू त्या काळी सूक्ष्म जीवांकडून बनवून घ्यावी लागली, तीच आज इतकी झाली आहे की सूक्ष्म जीवांनी ती खावी म्हणून आपण त्यांच्या मागे लागलो आहोत. दोन हजार सालानंतर युरोप-अमेरिकेत बायोडिझेल वाढलं आणि त्याच्याबरोबर ग्लिसरीनचा पूर आला. भाव पडले. डाऊ कंपनीने टेक्ससमधला कृत्रिम ग्लिसरीनचा कारखाना २००६ साली बंद केला.

आपल्याकडेही ही वाट सुरू झाली आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणाच्या तेलावर मर्यादा घातली. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात जे बिघडलेले घटक तयार होतात, ते पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. रोज पन्नास लिटरहून जास्त तेल तळणाला लागतं अशा व्यावसायिकांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची आणि ते बायोडिझेलवाल्यांकडे जाईल असं पाहायचं. नियम चांगला आहे. पण जितकं तेल डिझेलकडे वळेल, तितके निळे ड्रमही वाढतील.

भाच्याने पहिली चूक हिवाळ्यात केली होती. एक ड्रम त्याने रात्री नाल्यात सोडला. विष थोडंच आहे, गोड तर आहे, असा विचार. तिसऱ्या दिवशी नाल्याला कुजका वास सुटला आणि छोटे मासे पोट वर करून तरंगू लागले. शेजारच्या शेतातले काका काठी टेकत आले. "काहून रे बाबू, नाल्यात काय सोडलं हे? माहे ढोरं तिथं पाणी पितेत." भाच्याला मान वर करता आली नाही.

मासे का मेले, हा प्रश्न मी आठवीच्या वर्गात विचारला. बहुतेकांनी सांगितलं, विषाने. मिथेनॉलचा थोडा हात असेलही, पण मोठं कारण वेगळं होतं. ग्लिसरीन जिवाणूंना फार आवडतं. नाल्यात एवढं मोठं जेवण एकदम आलं, तेव्हा जिवाणू भराभर वाढले आणि खाताना त्यांनी पाण्यातला ऑक्सिजन संपवला. मासे गुदमरले. एक मुलगी लगेच म्हणाली, "टीचर, मग ते जिवाणू तर गुन्हेगार झाले!" मी म्हटलं, "बेटा, त्यांना जेवण चुकीच्या जागी कुणी वाढलं?" वर्गात हशा पिकला. पण माझ्या डोक्यात तोच विचार राहिला. ज्यांनी नाला नासवला, त्यांनाच योग्य जागी बसवून हे जेवण वाढलं तर?

त्याआधी दुसरं संकट सांगते, कारण तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. बाहेरगावचा एक व्यापारी शेडवर आला. नऊच्या नऊ ड्रम रोखीने न्यायला तयार. बिल नको, कागद नको. कशाला हवं विचारलं तर म्हणाला, साफ करून पुढे सरबतवाल्यांना, औषधवाल्यांना देऊ. रक्कम एवढी होती की पाटल्या सुटल्या असत्या. भाच्याने मला फोन केला. त्याच्या आवाजात मला 'हो' ऐकू येत होतं.

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली १९८६ ची, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातली. तिथे औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दुसरी गोष्ट २०२५ ची, आपल्या अगदी शेजारची. छिंदवाड्याकडची लहान मुलं खोकल्याच्या औषधाने आजारी पडली, किडन्या निकामी झाल्या. अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. वीसहून अधिक मुलं गेली. त्या औषधातही तेच रसायन होतं. ते ग्लिसरीनसारखंच दिसतं, गोड लागतं आणि स्वस्त असतं. औषधाच्या कंपनीत कच्चा माल कागदांशिवाय, तपासणीशिवाय शिरला की असं घडतं.

"तुझ्या ड्रममध्ये ते रसायन नसेल," मी म्हटलं, "पण मिथेनॉल आहे. मिथेनॉलने डोळे जातात, जीव जातो. तू बिलाशिवाय दिलेला ड्रम कुठल्या बाटलीत जाईल, हे तुला कधीच कळणार नाही."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे, खाला. नाही देत." अल्लाहचा शुक्र. पण 'नाही देत' म्हटल्याने ड्रम रिकामे होत नाहीत.

आता जिवाणूंकडे वळू. या सदरात आपण दह्याबद्दल आणि सिरक्याबद्दल वाचलं आहे. नानच्या पिठात खमीर घालतो, तेव्हा काय होतं हेही पाहिलं आहे. सूक्ष्म जीव एक पदार्थ खातात आणि दुसरा बाहेर टाकतात. त्यांनी टाकलेलं आपल्या कामाचं असलं की आपण त्याला आंबवणं म्हणतो, नसलं की कुजणं. ग्लिसरीनही असं आंबवता येतं, आणि ही माहिती जुनी आहे. १८८१ साली आउगुस्ट फ्रॉइंड या रसायनशास्त्रज्ञाला ग्लिसरीन आंबवताना त्यात प्रोपेनडायॉल नावाचा नवा पदार्थ दिसला. तो तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतात.

हे जिवाणू ग्लिसरीनचं दोन वाटांनी काम करतात. एका वाटेने ते त्याला तोडतात. त्यातून त्यांना जगायला शक्ती मिळते आणि व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल, लोण्याला खवट वास देणारं ब्युटिरिक आम्ल असे पदार्थ बाहेर पडतात. पण या तोडण्यात हायड्रोजनचं ओझं शिल्लक राहतं. हवा असती तर ते ऑक्सिजनवर टाकता आलं असतं. हवा नाही, म्हणून जिवाणू ते ओझं उरलेल्या ग्लिसरीनवरच टाकतात आणि त्याचं प्रोपेनडायॉल होतं. म्हणजे आपल्याला हवी असलेली वस्तू ही जिवाणूने स्वतःचं ओझं उतरवताना तयार केलेली असते. शंभर किलो ग्लिसरीनमधून साधारण पन्नास किलो किंवा थोडं अधिक प्रोपेनडायॉल मिळू शकतं.

त्याचा उपयोग काय? त्यापासून एक प्रकारचं पॉलिस्टर बनतं. ते ताणलं तरी मूळ आकारात येतं, म्हणून गालिच्यांत आणि ताणल्या जाणाऱ्या कपड्यांत वापरतात. क्रीम-लोशनमध्येही प्रोपेनडायॉल घालतात. पूर्वी ते खनिज तेलापासून काढत. आता जगात साखरेपासून आणि ग्लिसरीनपासून जिवाणूंकडून ते बनवून घेणारे कारखाने आहेत.

ग्लिसरीन खाणारे इतरही आहेत. ज्या जिवाणूंमुळे स्विस चीजला भोकं पडतात, ते ग्लिसरीनपासून प्रोपिऑनिक आम्ल करतात. सकाळी चहाबरोबर पाव खाताना पाकीट उलटून पाहा, '२८२' आकडा दिसेल. ते कॅल्शियम प्रोपिओनेट, पावाला बुरशी लागू नये म्हणून घातलेलं. बाजारातलं बहुतेक आजही रासायनिक रीतीने बनतं, पण जिवाणूही ते आम्ल बनवू शकतात. गाई-बैलांच्या पोटात, जिथे चारा आंबतो, तिथून शास्त्रज्ञांनी असे जिवाणू वेगळे काढले आहेत की जे ग्लिसरीनपासून सक्सिनिक आम्ल करतात. ते प्लास्टिक आणि औषधं बनवायला लागतं. काही जिवाणू खाल्लेलं ग्लिसरीन आपल्या अंगात चरबीसारखं साठवतात, आणि ती साठवण म्हणजे मातीत कुजणारं प्लास्टिक असतं.

ई. कोलाय तर तुम्हा-आम्हा सगळ्यांच्या आतड्यात राहतो. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं मानत होते की हवेशिवाय तो स्वतःहून ग्लिसरीन आंबवू शकत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की आम्लता आणि इतर परिस्थिती नीट जमवली तर तो आंबवतो. जिवाणू तोच होता, त्याला विचारायची पद्धत बदलली. वर्गातल्या एखाद्या मुलाला 'याला जमत नाही' म्हणून मागे बसवताना मला हे आठवतं.

हे सगळं ऐकून भाच्याचे डोळे चमकले. "खाला, मग आपणच टाकी बसवू!" तेव्हा मला त्याला जमिनीवर आणावं लागलं.

पहिली अडचण कच्च्या मालाची. साबण, मीठ आणि मिथेनॉल जास्त असलं की जिवाणूंची वाढ खुंटते. म्हणून आधी मिथेनॉल काढावं लागतं आणि आम्ल घालून साबण वेगळा करावा लागतो. दुसरी अडचण पाहुण्यांची. दह्यात चुकीचं विरजण पडलं की दही बिघडतं, तसंच इथे. हजार लिटरची टाकी निर्जंतुक ठेवायची, तापमान सदतीस अंशांच्या आसपास, आम्लता सतत तपासायची, हे शेडमध्ये होत नाही. तिसरी अडचण जिवाणूंचीच. या कामात हुशार असलेला क्लेब्सिएला न्यूमोनिए माणसाला न्यूमोनिया करू शकतो. तो कुणी हौसेने घरात पाळायचा नसतो. चौथी अडचण सगळ्यात खर्चिक. आंबवून झाल्यावर टाकीत बहुतेक पाणीच असतं. लिटरभर पाण्यात विरघळलेलं सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रोपेनडायॉल वेगळं काढायला जिवाणूंना पोसण्याहून जास्त पैसा लागतो. म्हणून हे काम मोठ्या कारखान्यांचं आहे.

संशोधक दुसऱ्या टोकानेही प्रयत्न करत आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बायोडिझेलसाठी घन उत्प्रेरकांवर काम झालं आहे. त्यात सोडा विरघळवावा लागत नाही, म्हणून ग्लिसरीन सुरुवातीपासूनच बरंच स्वच्छ मिळतं. घाण झाल्यावर धुण्यापेक्षा घाण कमी करणं स्वस्त, हे घर चालवणाऱ्या बाईला पटायला वेळ लागत नाही.

मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? उत्तर शेजारच्या शेतातच होतं. त्याच काकांच्या गोठ्यामागे जुना गोबरगॅस आहे. गोबरगॅस म्हणजे तरी काय? हवाबंद खड्ड्यात जिवाणूंच्या टोळ्या एकामागून एक काम करतात. पहिली टोळी शेण तोडून आम्लं करते, शेवटची त्यांपासून मिथेन वायू करते. इथे निर्जंतुक टाकी लागत नाही आणि काही वेगळंही काढावं लागत नाही, गॅस आपोआप वर येतो. आपल्या राज्याला याची ओळख फार जुनी आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही गोबरगॅस गावात नेण्याचं काम केलं.

गोबरगॅसला ग्लिसरीन आवडतं, हे जगभरच्या प्रयोगांत दिसलं आहे. एक किलो शुद्ध ग्लिसरीनपासून हिशोबाने सुमारे चारशे लिटर मिथेन निघतो. आपल्याला विष असलेलं मिथेनॉलही मिथेन करणाऱ्या काही जिवाणूंचं अन्न आहे, थोडं असेल तर तेही ते संपवतात.

काकांकडे जायला भाच्याचे पाय उचलत नव्हते. मी बरोबर गेले. माफी मागितली. काकांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाकून पाहू."

पहिल्याच आठवड्यात आम्ही घाई केली. दोन दिवस थोडं घातलं, गॅस वाढला, म्हणून तिसऱ्या दिवशी भाच्याने बादलीभर ओतलं. चार दिवसांत शेगडीची ज्योत पिवळी झाली आणि मग विझली. आम्ल करणाऱ्या टोळीने गोड माल भराभर खाऊन एवढं आम्ल केलं की मिथेनवाली टोळी त्यात गारठली. तिचं काम मुळातच सावकाश असतं. काकू तीन आठवडे चुलीवर स्वयंपाक करत होत्या आणि भाचा लाकडं आणून देत होता. फक्त शेण घालत राहिलो, तेव्हा कुठे ज्योत परत निळी झाली.

आता रोज शेण-पाण्याच्या शंभर लिटर काल्यात फक्त अर्धा लिटर घालतात. तेही सलग काही दिवस पाव-पाव लिटर घालत वाढवलेलं. काकूंचा अनुभव असा की शेगडी रोज अर्धा तास, पाऊण तास जास्त चालते. संध्याकाळची भाजी त्यात होते. आणखी एक बदल भाच्याने केला. कॉस्टिक सोड्याऐवजी तो आता कॉस्टिक पोटॅश वापरतो. थोडं महाग पडतं. पण सोड्यातलं सोडियम स्लरीबरोबर शेतात जाऊन माती बिघडवू शकतं, आणि पोटॅश पिकाला हवंच असतं.

आता हिशोब करा. रोज अर्धा लिटर म्हणजे अठराशे लिटर संपायला दहा वर्षं. नवीन ड्रम भरतात ते वेगळेच. म्हणून आणखी चार घरं जोडली आहेत. उरलेलं ग्लिसरीन तो परवाना असलेल्या शुद्धीकरण कारखान्याला पक्क्या बिलावर देतो. भाव कमी मिळतो. पाटल्या अजून सराफाकडेच आहेत. बहिणीने त्यावरून मला एक शब्द बोललेला नाही, पण लग्नाकार्यात तिचे मोकळे हात माझ्या नजरेतून सुटत नाहीत. मगनवाडीत आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, तिथे जैवप्रक्रियेचा विभागही आहे. भाचा सगळा हिशोब वहीत लिहून तिथे विचारायला जाणार आहे. वही मीच त्याला घालून दिली.

आता घरासाठी चार गोष्टी.

तळणाचं तेल मोरीत ओतू नका. ते नळीत घट्ट होतं आणि पुढे नाल्यात माशांच्या नाकाशी बसतं. थंड झाल्यावर गाळून बरणीत ठेवा आणि गावात गोळा करणारं कुणी नोंदणीकृत असेल तर त्याला द्या. काळं, फेसाळणारं तेल पुन्हा पुन्हा तळणाला वापरू नका. दहा रुपये वाचवून पोरांच्या पोटात तेच घालणं हा हिशोब चुकीचा आहे. कढई भरून तेल घेण्याऐवजी छोटी कढई घेतली, तर मुळात उरतंच कमी. इसराफ आपल्याला मना आहे, आणि तो फक्त जेवणाच्या ताटातच होतो असं नाही.

बायोडिझेल घरी करून पाहू नका. मिथेनॉलची वाफ पेट घेते आणि पोटात गेलं तर जीव घेते. गोबरगॅसवाल्यांनीही माहीतगाराला विचारल्याशिवाय ड्रम आणून ओतू नये. आमची विझलेली शेगडी आठवा.

बऱ्याच भगिनी विचारतात, केक आणि मिठाईच्या पाकिटावर '४२२' असतं, ते काय? ते हेच ग्लिसरीन. ते वनस्पती तेलाचंही असतं आणि चरबीचंही, आकडा दोन्हींना एकच. भारतातल्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण असेल तर ते चरबीचं नसतं. खूण नसेल, माल परदेशी असेल, तर कंपनीला विचारा.

आणि खोकल्याचं औषध घेताना पक्कं बिल मागा, बाटलीवरचा बॅच नंबर पाहा. चार वर्षांखालच्या लेकरांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असलं औषध देऊच नका.

गेल्या जुम्याला काकांच्या घरून डबा आला. भरली वांगी होती, गोबरगॅसवर शिजलेली. भाचा म्हणाला, "खाला, यात थोडी तुमची भजीपण आहेत." मला आधी कळलंच नाही. मग आठवलं, ओट्याखालची ती बरणी.